आवळीखाली कारळ्याची चटणी

माझं तलवाड्यात खत-बियाण्याचं दुकान आहे. कोणत्या पिकाला कधी काय टाकायचं ते मी लोकांना सांगतो आणि लोक ऐकतात. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही.

आषाढात माझी बायको गेली. ताप आला, उतरला, परत आला, आणि गेली. त्यानंतर मला काय झालं असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही, कारण मला काहीच झालं नाही. रडू आलं नाही. झोप नीट लागायची. तेरावा झाला की दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर वर केलं. गावात लोक म्हणाले, माणूस लई खंबीर हाय. खंबीर कसला! दात काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो, मग गाल आपलाच असतो पण हात लावला की शेजाऱ्याचा वाटतो. तसं माझं आख्खं अंग झालं होतं. दाताचं दुपारपर्यंत उतरतं. हे उतरत नव्हतं.

तोंड मात्र चालू होतं. दहाव्याला नदीवर कावळा शिवेना, सगळे हात जोडून उभे, आणि मी म्हणालो, "जिती असताना तरी तिनं कधी पहिल्या हाकेला ओ दिली का?" लोकांनी उपरण्यात तोंड घालून हसू दाबलं. मला हसू आलं नाही, पण विनोद जागेवर पडला एवढं समजलं. धंदेवाईक माणसाला माल खपला की कळतं, तसं.

खरी अडचण पोरीची होती. एकुलती एक. पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवरचं काम करते. आई गेली तेव्हा आली ती राहिलीच. आधी रजा घेतली, मग गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून, जिथं नेट सापडतं तिथं बसून काम करायला लागली. दिवाळी झाल्यावर कंपनीनं सांगितलं, आता ऑफिसात या, नाहीतर तसं कळवा. सोमवारी तिला उत्तर द्यायचं होतं.

तिनं जावं असं मला वाटत होतं. म्हणजे वाटत काहीच नव्हतं, पण डोक्यानं कळत होतं की तिनं जावं. सव्वीस वर्षांची पोरगी बापाच्या ताटाकडं बघत बसते, हे काही खरं नाही. ती रोज विचारायची, "पप्पा, कसं झालंय जेवण?" मी म्हणायचो, "एक नंबर." दिवाळीत आमच्या घरी कढई चढवायची नव्हती, म्हणून सोयऱ्यांनी आणि गल्लीनं फराळाचे डबे आणून दिले. बेसनाचे, रव्याचे, बुंदीचे लाडू. मी प्रत्येक डब्यातला एकेक खाल्ला आणि प्रत्येकाला एक नंबर म्हणालो. ती म्हणाली, "सगळेच कसे एक नंबर असतील?" मी म्हणालो, "आपली सोयरीकच तशी हाय."

तिला पटलं नाही. ती आक्काला म्हणत होती ते मी न्हाणीतून ऐकलं. "मावशी, पप्पा बरे असते तर मी उद्याच गेले असते."

आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. गावातच दिलेली. बहीण गेल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ आमच्याकडं येऊन स्वयंपाक करून जाते. मला दाजी म्हणते, अहोजाहो करते, आणि अहोजाहो करत करत जेवढं टोचून बोलता येतं तेवढं बोलते.

त्याच दिवशी मी ठरवलं, आपण बरे आहोत हे पोरीला दाखवून द्यायचं. माणूस बरा आहे हे कशावरून दिसतं? तो सहलीला जातो.

निमित्त आयतं होतं. कार्तिकात दोघी बहिणी दरवर्षी आक्काच्या शेतातल्या आवळीखाली आवळीभोजन करायच्या. झाडाची पूजा, बुंध्याला सुताचे वेढे, आणि मग त्याच्या सावलीत जेवण. यंदा आक्का म्हणाली होती, "मला न्हाई त्या झाडाखाली एकटीला बसू वाटत." मी म्हणालो, "मग दुसऱ्या झाडाखाली बसू. नदीपलीकडं धरणाखाली येवढी मोठी बाग हाय, तिथं एक आवळी नसंल का?"

आक्का म्हणाली, "दाजी, तुमच्या घरात वरीस पाळायचंय. सण करता येत न्हाई."

"सण कुठाय? जेवायचंच तर हाय."

"पूजा केली की सण झाला."

मग तिनंच थोडा वेळ विळीवर कोथिंबीर चिरत विचार केला आणि तोड काढली. वर्ष पाळायचं ते आमच्या घरानं. तिचं घर वेगळं, तिचं कुळ वेगळं. "आवळीभोजन माझं. पूजा मी करीन, सैपाक मी करीन. तुमी बापलेक पाव्हणे. पाव्हण्यांना काय सुतक?"

मी म्हणालो, "पाव्हणा मोकळ्या हातानं येत न्हाई. धपाटे माझे."

दोघींनी माझ्याकडं बघितलं. मी उभ्या जन्मात चहासुद्धा उतू जाऊ न देता केलेला नाही.

दुकान बंद ठेवणार म्हटल्यावर शेजारच्या हार्डवेअरवाल्या मित्राचा फोन आला. "कामून रे? ऐन हरभऱ्याच्या पेरणीत शटर खाली?"

"बागेत चाललोय."

"बागेत? तू?" त्यानं आवाज उतरवला. "काय झालंय का तुला?"

"काय झालेलं न्हाई, तेच तर दाखवायला चाललोय."

रविवारी सकाळी मी धपाटे थापले. ज्वारीचं पीठ, ओवा, तीळ, सगळं घातलं. कापडावर थापलं, तव्यावर टाकताना कापड धपाट्यासकट तव्यात गेलं. त्यातून जे वाचले त्यांचा आकार काही वेगळाच होता. पोरगी म्हणाली, "पप्पा, हा बीड जिल्ह्याचा नकाशा झालाय."

"मग बरोबर हाय. हे टोक गेवराई. हे तुटलंय ते आष्टी."

ती हसली. मी मनात म्हणालो, जमतंय.

आणि मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. फळीवर मागं, चेमटलेल्या झाकणाचा स्टीलचा डबा होता. माझी बायको त्यात कारळ्याची चटणी करून ठेवायची. आषाढाच्या सुरुवातीला तिनं केली होती. डबा उघडला, काळपट, भरड, लसणासारखा उग्र वास. अर्धा भरलेला. मी कोणाला न सांगता तो पिशवीत टाकला.

निघताना आक्का दारातल्या गुलाबापाशी थांबली. सिमेंटच्या कुंडीतला गावठी गुलाब, बायकोनं लावलेला. कुंडीला मुंग्यांची रांग लागली होती, चांगली जाड. आक्का म्हणाली, "ह्याला काय झालं?"

मी वाकून बघितलं आणि दुकानदाराच्या आवाजात म्हणालो, "आठवड्यापूर्वीच निंबोळी पेंड टाकलीय मी. मुंग्या यायला नकोत. हल्ली मालच भेसळीचा यायलाय."

रस्त्यानं दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. उसाच्या तोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर पुढं होते, वर भांडी, गोधड्या, शेळ्या, माणसं. आक्का काच खाली करून प्रत्येक शेत कोणाचं असेल ते सांगत होती. रस्त्याकडेला सीताफळाच्या पाट्या घेऊन बाया बसल्या होत्या. मी गाडी थांबवून सीताफळं घेतली, मोठ्यानं घासाघीस केली, बाईला हसवलं. आरशातून पोरगी माझ्याकडं बघत होती हे मला दिसत होतं. मी घासाघीस जरा लांबवली.

बाग मोठी आहे. आत गेलं की संपत नाही. हिरवळी, त्यांना दगडी काठ, मधून पाण्याचे पाट; कारंजी संध्याकाळी सुरू होतात म्हणून टाक्या शांत. उन्हाची धग उतरलेली. शाळेची पोरं रांगेनं चालली होती, एक नवीन जोडपं फोटो काढत होतं. हे सगळं छान आहे, असं मी स्वतःला सांगितलं. शेजाऱ्याच्या गालासारखं ते मला दिसत होतं, लागत नव्हतं.

"आता आवळी शोधा," आक्का म्हणाली.

मी पुढं झालो. तालुक्यातल्या अर्ध्या बांधांवर माझ्या दुकानातून गेलेली आवळ्याची रोपं आहेत. मला आवळा शोधायला काय लागतं? एका वळणावर बारीक पानांचं, झुपकेदार झाड दिसलं. मी हात पसरून म्हणालो, "घ्या तुमची आवळी. चांगली जुनी हाय."

आक्कानं सतरंजी अंथरली. हळदीकुंकवाची पुडी काढली, तांब्यातलं पाणी बुंध्याला घातलं, सुताचा एक वेढा दिला, दुसरा दिला. मग वर बघितलं आणि सूत धरलेला हात तसाच राहिला.

"दाजी."

"हं?"

"आवळ्याला शेंगा कवापासनं यायल्यात?"

मी वर बघितलं. सुबाभूळ. चपट्या तपकिरी शेंगा झुपक्यानं लोंबत होत्या. शेळ्यांना घालतात ती सुबाभूळ.

पोरगी पोट धरून हसायला लागली. आक्का सूत गुंडाळत म्हणाली, "बरं झालं, आरती म्हन्ली न्हाई. शेळ्या पावल्या असत्या."

मी म्हणालो, "नवीन जात असंल."

शेवटी आवळी सापडली, माळ्यांच्या पाण्याच्या हौदामागं. किडकिडीत होती, पण फळं लगडली होती. तिथल्या रखवालदारानं लांबूनच सांगितलं, "चूल पेटवायची न्हाई, फळं तोडायची न्हाईत." आक्कानं पूजा केली. एरवी दोघी एकमेकींच्या हातात सूत देत बुंध्याभोवती फिरायच्या. एक या बाजूनं सोडायची, दुसरी त्या बाजूनं धरायची. आता आक्का एकटीच फिरत होती आणि मागच्या बाजूला गेली की सूत सैल पडत होतं. पोरगी उठली आणि पलीकडं जाऊन उभी राहिली. आक्कानं काही न बोलता सूत तिच्या हातात दिलं. मी बूट काढून सतरंजीवर बसलो होतो. इथं माझ्या घशाला काहीतरी व्हायला हवं होतं. मी वाट बघितली. झालं नाही.

ताटं मांडली. आक्काची वांग्याची भाजी, शेवयाची खीर, दही, माझे नकाशे. मग मी पिशवीतून डबा काढला. झाकण बघून आक्काचा चमचा थांबला. ते चेमटलेलं झाकण तिनं ओळखलं.

मी उभा राहिलो. भाषण करायला बसून जमत नाही. म्हणालो, "ही हिच्या आईच्या हातची. शेवटची. मी जपून ठेवलती. म्हन्लं, आज तिगांनी मिळून खायची."

पोरीनं दोन्ही हात पुढं केले, प्रसादाला करतात तसे. मी तिच्या ताटात घसघशीत चमचा वाढला, आक्काच्या ताटात वाढला, मधे बोटानं खळगा करून कच्चं तेल सोडलं. माझ्या ताटात दोन चमचे.

पोरीनं धपाट्याचा तुकडा चटणीत बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, आईची आठवण. आक्कानं घास घेतला आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, बहिणीची आठवण. दोघी चावत नव्हत्या, गिळत नव्हत्या, एकमेकींकडं बघत नव्हत्या. मला वाटलं, सहल यशस्वी झाली.

मी एक घास घेतला, दुसरा घेतला, मग चमच्यानं आणखी वाढून घेतली.

"एक नंबर," मी म्हणालो. "काही म्हणा, तिच्या हाताला जी चव होती ती कुणाच्या हाताला न्हाई. हाय का न्हाई, आक्का?"

आक्का पदराआडून म्हणाली, "हं."

"अजून वाढू?"

"पप्पा," पोरगी म्हणाली. तिनं घास गिळला होता, कसा गिळला तिचं तिला माहीत. "पप्पा, तुम्ही नका घेऊ आता."

"का गं? तुला पाहिजे का?"

तेवढ्यात आक्काचा धीर सुटला. ती उठून हौदाकडं पळाली, थुंकली, तीन-चार चुळा भरल्या आणि तिथूनच ओरडली, "दाजी, काय हाय ते?"

"चटणी."

"कशाची?"

"कारळ्याची."

"त्याला कडुलिंबाचा वास हाय! कडू जहर हाय!"

मी ताटातलं चिमूटभर घेतलं. तळहातावर ठेवलं, बोटानं रगडलं, नाकाला लावलं, जसं दुकानात नवीन पोतं फोडलं की करतो. आणि दुकानात ओळखतो तसं क्षणात ओळखलं.

"निंबोळी पेंड हाय," मी म्हणालो. "माल चांगलाय."

दिवाळीच्या आधी मी गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून थोडी पेंड घरी आणली होती. रिकाम्या डब्यात काढून ठेवली होती. एकाच फळीवर, एकासारखे एक डबे, आणि माझ्या हातून झाकणांची अदलाबदल झाली असणार.

"मरतोय का आपन?" आक्कानं विचारलं.

"न्हाई न्हाई. कीड मरती. मान्सं न्हाई मरत."

आक्का हौदाच्या काठावर बसली आणि हसायला लागली. आधी नाकातून, मग पदर तोंडात कोंबून, मग तेही सोडून. "भाषण करून वाढली, गं," एवढंच तिला म्हणता येत होतं. "उभं राहून!"

पोरगी हसत नव्हती. ती माझ्या ताटाकडं बघत होती. माझं ताट जवळजवळ पुसलेलं होतं.

"तुम्हाला कडू लागलं नाही?"

"लागलं की थोडं."

"परत वाढून घेतली तुम्ही."

"आता तुझी आई..."

"खोटं बोलू नका पप्पा. चव लागते का तुम्हाला?"

मी आक्काकडं बघितलं. आक्काचं हसू उतरलं होतं. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "न्हाई लागत. मला ठावं हाय. गेल्या हप्त्यात तुला आन् मला येगळं वरण काढलं आन् ह्यांच्या वरणात म्या मीठच घातलं न्हाई. चार दिस. रोज म्हन्ले, एक नंबर."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करू? आजून खुट्टा मारून बसली असतीस."

पोरगी उठली. चपला घातल्या. "मी उद्या नाही म्हणून कळवते," ती म्हणाली आणि हिरवळीवरून सरळ चालत गेली.

म्हणजे बघा. तिनं जावं म्हणून मी दुकान बंद ठेवलं, धपाटे थापले, घासाघीस केली, सुबाभळीला पुजायला लावलं, आणि शेवटी पेंड खाऊन तिला घरी बसवलं.

"जावा की मागं," आक्का म्हणाली. "का तिथं पन आता भाषणच करनार?"

ती गुलाबांच्या बाजूला सापडली. तिथं वाफ्यांच्या ओळी आहेत, लाल, पिवळे, पांढरे. छाटणी झालेली, काहींना कळ्या. दगडी काठावर ती बसली होती. मी शेजारी बसलो. बसता बसता जिभेवर एक विनोद आला. चांगला होता, अजून आठवतो. मी तो गिळला. तोही पेंडीसारखाच गेला, चव लागली नाही.

म्हणालो, "चव आषाढापास्नं न्हाई. नुसती जेवणाची न्हाई, कशाचीच न्हाई. तू गच्चीवर बोलायलीस की खाली ऐकू येतं. मला बरं वाटायला पाहिजे. न्हाई वाटत. तू गेलीस तर वाईट वाटायला पाहिजे, ते पन वाटंल का न्हाई, ठावं न्हाई. मला काहीच हुईना झालंय. तू इथं हाईस तरीपन."

इतकं सरळ मी आयुष्यात कोणाशी बोललो नव्हतो. बापानं पोरीला असं सांगावं का, तेही मला माहीत नव्हतं.

तिनं पायाजवळचा एक खडा उचलून वाफ्यात टाकला. मग म्हणाली, "मग मी कशाला थांबलेय?"

"तेच तर."

"तुम्ही रोज एक नंबर म्हणता. मला कळत होतं काहीतरी खोटंय. काय खोटंय ते सापडत नव्हतं, म्हणून जाता येत नव्हतं." तिनं नाक पुसलं. "आणि मला इथं रडता येत नाही. रडायला लागले की तुम्ही काहीतरी बोलता, आणि मला हसू येतं. मग रडायचं राहूनच जातं. तीन-चार महिने झाले, पप्पा, राहूनच चाललंय."

मी काही बोललो नाही. ती रडली. थोडंच, कारण शाळेची रांग पुन्हा त्याच वाटेनं आली आणि सगळी पोरं वळून वळून बघायला लागली.

रांग गेल्यावर तिनं डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "पण मग आईची चटणी कुठाय?"

"कुठं म्हणजे?"

"त्या डब्यात पेंड होती. मग चटणी?"

मी समोर बघत होतो. वाफ्यातल्या प्रत्येक गुलाबाच्या बुडाशी कोणीतरी खत घातलं होतं. काळपट, भरड, मुठीमुठीनं. मी त्याच्याकडं बघत राहिलो. फळीवर दोन डबे. आठ दिवसांपूर्वी त्यातला एक घेऊन मी दारात गेलो होतो आणि गुलाबाच्या कुंडीत तो उपडा करून, हातानं नीट पसरून, वर माती ओढली होती. मग मुंग्या आल्या होत्या.

मी तिला सांगितलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. "गुलाबाला घातली?"

"सगळी."

"कारळं, लसूण, मिरची, मीठ?"

"पसरून घातली. वर माती लोटली."

तिनं गुडघ्यांत डोकं घातलं. खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे ते मला ओळखू येईना, आणि मी विचारलंही नाही. बऱ्याच वेळानं ती गुडघ्यांतूनच म्हणाली, "माल भेसळीचा यायलाय म्हणे!"

आम्ही परत आलो तेव्हा आक्कानं ताटं घासून ठेवली होती आणि एकटीच सीताफळ खात बसली होती. पोरीनं तिला चटणीचं सांगितलं. आक्का या वेळी हसली नाही. सीताफळाच्या बिया हातात धरून म्हणाली, "मला त्यातली एक चिमूट पाहिजे होती."

परतीच्या वाटेवर कोणी फारसं बोललं नाही. मीही नाही, आणि हे आमच्या गाडीत पहिल्यांदाच घडत होतं. घरी पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. पोरगी चपला न काढता कुंडीपाशी उकिडवी बसली. मुंग्या अजून होत्या. मातीतून तिळाएवढा एकेक कण उचलून रांगेनं उंबऱ्याकडं चालल्या होत्या. आक्का म्हणाली, "पानी घाल गं जरा, मिठानं जळंल." पोरगी गुडघ्यावर हनुवटी टेकून मुंग्यांकडं बघत म्हणाली, "त्यांचं झाल्यावर घालते."

सोमवारी तिनं येते म्हणून कळवलं. त्याच आठवड्यात मी तिला गेवराईला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटायच्या आधीच ती खिडकीत रडायला लागली, मोकळी, शेजारच्या बाईची पर्वा न करता. मी खाली उभा होतो. मी काही बोललो नाही. आत काही होतंय का ते बघितलं. नव्हतं. गाडी गेल्यावर मी उगीच थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.

पहिल्या रात्री फोन आला. "काय खाल्लं?"

"पिठलं-भाकरी. आक्कानं केलतं."

"कसं झालं होतं?"

तोंडाशी आलं होतं. सवयीनं ओठसुद्धा उघडले. मग म्हणालो, "माहीत न्हाई."

 ती म्हणाली, "बरं." मी विचारलं, तू काय खाल्लंस? मेसचा डबा, ती म्हणाली, बटाट्याची भाजी आणि कसलीशी आमटी.

"कशी होती?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

मग आम्ही दोघं फोन कानाला लावून थोडा वेळ तसेच बसून राहिलो. ती म्हणाली, उद्या परत करते. मी म्हणालो, कर.